मामांच्या संयमाबद्दल आभार

हे लिहायचं नाही असं मी जवळजवळ ठरवलंच होतं. पण काळूराममामांना आता मोठा मान मिळतोय, आणि तो कशाबद्दल हे कुणाला तरी माहीत असायला हवं.

नेत्रा आमच्या शेजारी राहते, धामणकर नाक्याच्या मागे. कालवांच्या, म्हणजे खडकाला चिकटणाऱ्या शिंपल्यांच्या, डीएनएवर तिचा प्रोजेक्ट चालू आहे. तिने मला समजावलं ते असं. डीएनए अंगभर सारखाच, पण त्यावर मिथाइलच्या बारीक खुणा बसतात. कल्ल्यात वेगळ्या, कवच बनवणाऱ्या कातडीत वेगळ्या. पिल्लू वाढताना कुठली खूण कधी बसते, ते तिला बघायचं होतं.

त्यासाठी तिने कशेळीच्या खाडीतली कालवं आणली, त्यांची अंडी फळवली. लॅब रविवारी बंद असते, आणि पिल्लं काही रविवार बघून थांबत नाहीत. म्हणून खाऱ्या पाण्याचा टब घरी आला, सोबत एक मायक्रोस्कोपही. दुपारी पिल्लं गाळून स्पिरिटमध्ये टाकायची होती. हुकलं तर कालवांचा पुढचा हंगाम येईपर्यंत बसून राहायचं.

नेत्राचा डोळा लागला आणि नळाला पाणी आलं. आमच्याकडे पाणी आलं की प्रत्येक भांडं भरायचं. आधी शिळं काढायचं, पण फेकायचं नाही. नेत्राच्या आईने, वैशालीकाकूंनी, मुलीच्या टबातलं गढूळ पाणी बघितलं, संडासाच्या रिकाम्या बादलीत ओतलं आणि टब ताज्या पाण्याने भरून ठेवला.

नेत्राने उठून टब बघितला, आईला विचारलं आणि संडासाकडे धावली. दाराला आतून कडी. अकलोलीहून आलेले काळूराममामा आत.

"मामा, बादलीतलं पाणी वापरू नका."

"मंग काय वापरू?"

"त्यात माझी पिल्लं आहेत."

आत टमरेल खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मामांनी हळूच विचारलं, "कसली?"

"कालवांची. लाखभर असतील."

"मना तं काय दिसत न्हाय."

"नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. तुम्ही पाणी घेतलं का?"

"न्हाय ना बाय. आता तं बादलीकडं बगायची पन भीती वाटते."

दुसरं पाणी आत द्यायचं होतं, पण भाचीसमोर मामा दार उघडेनात. म्हणून मला बोलावलं. घरातल्या बादल्या नळाखाली अडकलेल्या, मी आमची घेऊन गेलो. दार हातभर उघडलं. मी नवी बादली आत सरकवली, मामांनी जुनी बाहेर दिली. दोन्ही हातांनी, एक थेंब न सांडता.

"बाळंतिणीच्या खोलीतून पन इतक्या जपून कोन काय देत न्हाय," ते आतून म्हणाले.

नेत्राने थेंब मायक्रोस्कोपखाली धरला. पिल्लं मजेत पोहत होती. वैशालीकाकू म्हणाल्या, "बघ, फेकलं नाही म्हणून वाचली."

प्रोजेक्टच्या शेवटी आभार लिहितात. नेत्राने लिहिलं, 'कठीण प्रसंगी मामांनी दाखवलेल्या संयमाबद्दल ऋणी आहे.' तिचे सर ते वाचून गहिवरले. म्हणाले, घरातून एवढा आधार हल्ली मिळतो कुठे, मला या माणसाला भेटायचंय.

ते येत्या रविवारी येणार आहेत. मामांनी नवा शर्ट शिवायला टाकलाय. नेत्राने काल मला जिन्यात गाठलं आणि शब्द घेतला. सरांसमोर मी तोंड उघडणार नाही, असं कबूल केलंय. आणि नाहीच उघडणार.

लिहिण्याचं ती काही बोलली नव्हती.