काडतूस ठरेपर्यंत

लग्न मोडता येतं, घर विकता येतं, अगदीच गळ्याशी आलं तर पंथही बदलता येतो. पण शिकारी रायफलीच्या नळीत काडतुसाचं घर एकदा कापलं की ते पुन्हा बुजवता येत नाही. म्हणूनच युटाच्या डोंगरांत, आणि विशेषतः आमच्या टॅनर्स बेंच गावात, लोक लग्नापेक्षा काडतूस ठरवायला जास्त वेळ घेतात. ते योग्यच आहे. (व्हर्ल सोरेन्सनचं लग्न अकरा दिवसांत ठरलं. ते छत्तीस वर्षं टिकलंय, पण हा नशिबाचा भाग झाला.)

हा व्हर्ल म्हणजे शाळेच्या बसगाड्यांवरून निवृत्त झालेला बासष्ट वर्षांचा सरळ माणूस. नर मूस मारण्याच्या परवान्यासाठी त्याने सलग बावीस वर्षं अर्ज केला आणि मे महिन्यात राज्याच्या सोडतीत त्याचं नाव लागलं. मूस म्हणजे घोड्याहून उंच सांबर, आणि परवाना म्हणजे जन्मात एकदाच. चौदा सप्टेंबर ते वीस ऑक्टोबर एवढी मुदत. त्यात वापरला तर वापरला, नाहीतर गेला, आणि मग पुन्हा अर्जही करता येत नाही. पत्र वाचून व्हर्ल स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडला. त्याची बायको नेड्रा म्हणाली, "आपल्या लग्नात नव्हतास रडला."

रायफल कोण करणार याबद्दल प्रश्नच नव्हता. रूलन हॅच अठ्ठेचाळीस वर्षं हातानं रायफली घडवत होता, वर्षाला दोन, फार तर तीन. वय एकोणऐंशी. "तुझं नाव लागलं की तुझी करीन, आणि ती माझी शेवटची," असं त्याने व्हर्लला कधीच सांगून ठेवलं होतं. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता हिवाळ्यातच तासून झाला होता. आता त्याला एवढंच हवं होतं की काडतूस कोणतं. कारण काडतुसावर नळी, आणि नळीत त्याच मापाचं घर. यंत्रावर घर कापून झालं की शेवटचा केसभर भाग रूलन हातानं कापायचा. त्याच्या कामावर दुसऱ्या कुणी कानस लावलेली आमच्या तालुक्याने पाहिलेली नाही.

इथे गावाची रचना सांगणं भाग आहे. टॅनर्स बेंचमध्ये चर्च एक आणि धर्म दोन: दोन-सत्तर आणि तीस-सहा. दोन्ही काडतुसं शंभर वर्षांची, दोन्हींनी हरीण सारखंच मरतं, आणि म्हणूनच भांडण मिटत नाही. काडतूस बापाकडून मुलाकडे जातं. व्हर्लचा बाप दोन-सत्तरवाला, तो मेला. नेड्राचा बाप तीस-सहावाला, तो मेलेला नाही. एक्क्याण्णवाव्या वर्षी व्हर्लच्याच तळघरात राहतो आणि वरचं सगळं ऐकतो. तिसरा पक्ष साडेसहा मिलिमीटरच्या नव्या काडतूसवाल्यांचा. हे लोक दाढ्या ठेवतात आणि बोलता बोलता फोनवर आलेख दाखवतात.

व्हर्लने एकट्याने निर्णय घेणं गावाला परवडणारं नव्हतं, म्हणून दंतवैद्य आर्डेन पेटर्सनच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. बैठक दर रविवारी प्रार्थनेनंतर, चर्चच्या वाहनतळावर. (रविवारी काम करणं आमच्यात निषिद्ध आहे. मत देणं हे काम मानलं जात नाही.) जून ते ऑगस्टमध्ये तेरा बैठका झाल्या, सतरा तक्ते तयार झाले. अडतीस टक्के वेळ वाऱ्यावर (म्हणजे वाऱ्याने गोळी किती ढळते यावर) खर्च झाला, एकतीस टक्के गोळीच्या वजनावर, उरलेला एकमेकांच्या बापांवर. मुसाच्या वाट्याला वेळ आला नाही. आमच्याकडे मूस सरासरी सत्तर यार्डांवर, ओढ्याकाठच्या झुडपात उभा राहून माणसाकडे बघत असतो. समितीने सगळी गणितं सातशे यार्डांची केली, कारण सत्तर यार्डांवर विद्वत्ता दाखवायला वाव मिळत नाही.

व्हर्ल सगळे तक्ते घरी आणायचा आणि जेवणाच्या टेबलावर पसरायचा.

"हे उचल," नेड्रा म्हणायची. "बटाटे ठेवायचेत. बाबांची बंदूक खाली पडून आहे. चाळीस हरणं पाडलीत तिनं. एकानं तरी काडतुसाची तक्रार केली का?"

"तीस-सहा!" तळघरातून आवाज यायचा.

व्हर्लने रूलनकडे काडतूस कळवायला पंधरा जूनपर्यंतची मुदत मागितली, मग पंधरा जुलैपर्यंतची, मग ऑगस्ट अखेरपर्यंतची. रूलनने दर वेळी मान डोलावली. "घे वेळ, व्हर्ल. काडतूस काय रोज ठरवायचं असतं?" एवढा समजूतदार कारागीर मिळणं हे व्हर्लचं भाग्य, असं समितीने आपल्या इतिवृत्तात नमूद केलं.

पाच सप्टेंबरला मात्र व्हर्लने निर्णय घेतला. कसा, ते समितीला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याला सकाळी दाढी करताना बापाची आठवण आली, एवढंच. तो तडक रूलनच्या कारखान्यात गेला.

"ब्रदर हॅच, ठरलं. दोन-सत्तर."

रूलन गरम चॉकलेट पीत होता. कप त्याने दोन्ही हातांनी धरला होता, तरी टेबलावर चॉकलेटचं थारोळं होतं.

"चांगलंय," तो म्हणाला. "पण वाऱ्याचं काय?"

व्हर्लला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. वाऱ्याबद्दल बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला याच माणसाने पूर्वी दाराबाहेर काढलं होतं. "सत्तर यार्डांवर कसला वारा, ब्रदर हॅच?"

"असतो कधी कधी," रूलन कपात बघत म्हणाला.

व्हर्लची नजर दस्त्याकडे गेली. मुठीच्या जागी हात घसरू नये म्हणून रूलन चौकडीची बारीक नक्षी कापायचा, सुतात ओढल्यासारखी सरळ. ती अर्धी झालेली होती. पुढची एक रेघ वाकडी होऊन लाकडावरून घसरत गेली होती. कुणीतरी ती घासून काढायचा प्रयत्न केला होता. नक्षीवर उन्हाळाभराची धूळ होती.

मग व्हर्लला जूनमधलं मान डोलावणं कळलं, जुलैमधलं कळलं आणि तो समजूतदारपणाही कळला. बावीस वर्षं त्याच्या डोळ्यांपुढून भराभर गेली, आणि मूस सगळ्यात शेवटी गेला.

"वाऱ्याचा विचार राहिलाच की हो," तो म्हणाला.

"घाई करू नकोस."

"छे छे. घाई कसली?"

आता कुणी म्हणेल, सासऱ्याची बंदूक होतीच की. होती. पण व्हर्ल ती घेऊन डोंगरात गेला असता तर गावाने दुसऱ्याच दिवशी विचारलं असतं, रूलनची रायफल का नाही झाली? दुसऱ्या कारागिराकडे गेला असता तर विचारायचीही गरज उरली नसती. उलट काडतूसच ठरत नसेल तर दोष एकट्या व्हर्लचा. त्याने समितीला पत्र लिहून वाऱ्याचा फेरविचार करण्याची विनंती केली. समितीला फार आनंद झाला.

एकोणतीस सप्टेंबरला एक नर मूस गावात येऊन नेड्राच्या झाडाची सफरचंदं खाऊन गेला. नेड्रा खिडकीतून ओरडली, "व्हर्ल, तुझा पाहुणा आलाय! त्यालाच विचार, कोणतं चालेल ते!" व्हर्ल बाहेर येऊन पायरीवर बसला आणि मूस जाईपर्यंत नुसता बघत राहिला. नेड्राने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्यानंतर तिने काडतुसाचा विषय काढला नाही.

वीस ऑक्टोबरला परवाना संपला. वन्यजीव खात्याच्या फॉर्मवर 'परवाना न वापरण्याचे कारण' असा रकाना असतो. त्यात आजारपण, हवामान, प्राणी न दिसणे असे पर्याय आहेत. व्हर्लने 'इतर'वर खूण करून पुढे लिहिलं: काडतूस ठरले नाही. असं कारण देणारा तो राज्यातला पहिलाच अर्जदार, असं खात्यातल्या बाईंनी कळवलं, आणि तीन दिवसांत ते तालुकाभर झालं.

नाताळच्या स्नेहसंमेलनात आर्डेनने यावर एक नाटुकलं बसवलं. त्यात एक माणूस मुसाला तक्ता दाखवतो आणि मूस म्हातारा होऊन मरतो. लोक हसून हसून बेजार झाले. रूलन पहिल्या रांगेत होता, हात कोटाच्या खिशात घालून. तोही हसला, आणि मग खिशातून हात न काढता त्याने बाहीलाच डोळे पुसले. व्हर्ल शेवटपर्यंत उभा राहून हसला.

गावाने हसावं आणि विचारू नये, एवढीच त्याची इच्छा होती. आपणही वाहनतळावरच्या त्या पहिल्या बैठकीपासून गावाच्या बाजूने उभे राहून हसत आलात आणि कधी काही विचारलं नाहीत. या सहकार्याबद्दल समिती आपली आभारी आहे.