सामंतांनी सर केलेला मनोरा

जगात कुठेही सोडा, जयप्रकाश सामंत रस्ता विचारत नाहीत! बहरीनमध्ये बारा वर्षं पुलांचे आराखडे तपासणारा इंजिनीअर रस्ता विचारणार? छे!

त्यामुळे ओसाकाच्या सहलीत तिथला प्रसिद्ध, सत्तर वर्षं जुना मनोरा त्यांनी स्वतःच शोधला. गर्दी दिसली, लिफ्ट दिसली, शिरले. नवव्या मजल्यावर उतरले. तिकीटसुद्धा कोणी मागितलं नाही!

"अहो, इथे तर उशा विकतायत," बायको सुनीता म्हणाली.

"जपानी माणूस जागा फुकट घालवत नाही!" असं सुनावून सामंतांनी खिडकीतून साठ फोटो काढले.

बहरीनला परतल्यावर शुक्रवारी उम्म अल हस्सम भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर बावीस मराठी पाहुणे जेवायला आले. जेवण टेबलावर निवत होतं आणि सामंत टीव्हीवर फोटो दाखवत होते.

"हे मनोऱ्याच्या माथ्यावरून! वारा असा, की माणूस पतंगासारखा उडावा!"

खिडकी बंद होती हे सुनीताला ठाऊक होतं. पण ती पतिव्रता असल्याने कोशिंबीर ढवळत राहिली.

तेवढ्यात शेजारची आठ वर्षांची कश्मिरा म्हणाली, "अंकल, इफ यू आर ऑन द टॉवर, देन व्हॉट इज दॅट टॉवर?"

फोटोच्या मधोमध मनोरा उभा होता. पायथ्यापासून टोकापर्यंत, अख्खा!

सामंतांनी टीव्हीजवळ जाऊन नीट पाहिलं. म्हणजे आपण चढलो ते उशांच्या दुकानात!

"तो... तो दुसरा! ओसाकात दोन आहेत. जुळे!"

"वा! कुठल्याच वेबसाईटवर नाही हो हे!" बँकेतले गौरव कुलकर्णी भारावले. "आम्हाला डिसेंबरात जपानला जायचंच होतं. आता तुम्हीच टूर लीडर!"

दहा मिनिटांत व्हॉट्सॲप ग्रुप तयार झाला. नाव, 'जुळे मनोरे'.

स्वयंपाकघरात सुनीता हळूच म्हणाली, "आता दुसरा बांधायला घ्या. इंजिनीअर आहात ना!"

सामंतांना एकच आशा उरली होती, ऑफिसातले त्यांचे अरब साहेब, कमाल नावाचे. हा गृहस्थ डिसेंबरात कुणालाही रजा देत नसे. रविवारी सामंतांनी 'ओसाकाचे दोन मनोरे दाखवणे' असं कारण लिहून अत्यंत उत्साहाने अर्ज पुढे केला आणि नकाराची वाट पाहू लागले.

"ओसाका? दो टावर दिखाएगा? सच्ची?"

"जी... बावीस लोग हैं, सर. रजा नहीं मिलेगी तो कोई बात नहीं!"

साहेबांनी तिथल्या तिथे सही ठोकली.

"खलास, पक्का! बाईस नहीं, सत्ताईस लिखो. मेरा फॅमिली भी आएगा. यल्ला, चलो, पासपोर्ट किधर देना है?"