एकानेच बोलायचं

“पोरगी गुणाची हाय, पण तोंडातनं शबुद फुटंल तर शप्पत! आन म्हणं कॉलेजात कोच हाय. पोरं हिचं ऐकत्यात तरी कशी?”

अनुसयाबाई मागच्या दारी लसूण सोलत नवऱ्याला सांगत होत्या, आणि त्यांची दोन महिन्यांची सून (म्हणजे लग्नाला दोन महिने झालेली) दिशा वाळलेले कपडे कवेत घेऊन जिन्यातच थबकली होती.

“मोबाइलवर खेळायला कोच कशाला लागतोय?” हैबतराव म्हणाले. “आपल्या खोल्यांतली समदी पोरं बिनकोचाचीच खेळत्यात. आयतवारी हिची टीम हितं येतीया न्हवं? पैला नंबर आला तर करू दे नोकरी. न्हाईतर खोल्यांचं बघू दे. भाडेकरूंशी बोलून तरी जीभ सुटंल.”

दिशा पाय न वाजवता परत वर गेली. चूक तिचीच होती. रस्त्याच्या खोदकामात कॉलेजची इंटरनेटची केबल तुटली आणि रविवारची ऑनलाइन मॅच कुठे खेळायची, असा प्रश्न आला तेव्हा तिनेच सहज म्हटलं होतं, “आमच्याकडे मारुंजीत या. नेट चांगलं आहे.” नेट चांगलं होतंच. हिंजवडीत नोकरी करणारी पोरं पाण्याशिवाय एखादा दिवस काढतात, नेटशिवाय खोली घेत नाहीत. फक्त नेटबरोबर घरातली माणसंही मिळतात, हे तिने मोजलं नव्हतं.

दिशाच्या वडिलांचं भोरच्या एसटी स्टँडजवळ सायबर कॅफे होतं. शाळा सुटली की ती गल्ल्यावर बसायची आणि खेळणाऱ्या पोरांच्या पाठी बघायची. कोण हरणार हे तिला स्क्रीन न बघता, नुसत्या मानेवरून कळायचं. पुढे ती स्वतः कॉलेजच्या टीमकडून खेळली, पण तिचा नेम बेताचाच. दुसऱ्याची चूक मात्र तिला लगेच दिसायची. (लग्नानंतर या गुणाचा फार उपयोग होतो. फक्त तो बोलून दाखवायचा नसतो.)

तिचं कोचिंगचं तत्त्वज्ञान एका पोस्टकार्डावर मावलं असतं. खेळताना एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मेला त्याला शिव्या द्यायच्या नाहीत, तो मेलेलाच असतो. आणि हरल्यावर आधी जेवायचं, मग चुका काढायच्या. एवढ्यावर तिची टीम जिल्ह्यात पोचली होती.

रविवारी साहिल, किमया आणि आणखी दोघं हॉलमध्ये सोफ्यावर बसले. साहिल कॅप्टन, म्हणजे बोलायचं त्याने. खेळ सोपा : बेटावर उतरायचं, लपायचं, नेम धरायचा. जो संघ शेवटपर्यंत जिवंत राहील, त्याचा पहिला नंबर. तिकडे दिशाचा नवरा अनिकेत, “तासभर नेट वापरू नका,” अशी विनवणी करत भाडेकरूंच्या खोल्यांतून फिरत होता. (एका खोलीत तो क्रिकेट बघत बसला, हे नंतर कळलं. घरच्याच नेटवर.)

बेटावर उतरून श्वास घेतात न घेतात, तोच अनुसयाबाई परात घेऊन आल्या.

“भजी खावा आधी. उपाशीपोटी गोळ्या घालायच्या न्हाईत माझ्या घरात.”

“आजी, मॅच चालू आहे!”

“मग? तोंड कुटं चालू हाय? आ कर.”

साहिलने आ केला. आता बोलायचं त्याने आणि तोंडात भजं. किमयाने हाताने खाल्लं, तर तेलकट अंगठा स्क्रीनवरून घसरला आणि तिचा सैनिक भिंतीआड बसायचा तो नदीत जाऊन पडला. दिशाने ओढणीने चौघांची बोटं पुसली.

हैबतराव कोपऱ्यातल्या खुर्चीत, आपलं काही घेणंदेणं नसल्यासारखे बसले होते. पण आयुष्य बैलगाड्यांच्या शर्यतीत गेलेला माणूस. शेवटचे तीन संघ उरले आणि त्यांची खुर्ची सोफ्याला येऊन टेकली.

“आरं, त्यो बघ झाडामागं! हाण!”

“आबा, एकच मिनिट...” साहिल म्हणाला.

“मिनिट कशाला! पळव! उजव्या अंगानं काढ!”

सोफ्याच्या पलीकडच्या टोकाचा पोरगा घरी वडीलधाऱ्यांचं ऐकणारा असावा. तो उजव्या अंगाने पळाला आणि जागच्या जागी मेला.

“मॅडम, आजोबा म्हणाले पळ.”

किमया तर केव्हाच बुडाली होती. साहिल धरून दोघेच उरले, आणि समोर शेवटच्या संघाचा एकच गडी. साहिल एक सांगत होता, आबा चार सांगत होते. दिशाची नोकरी त्या दोन पोरांच्या अंगठ्यांवर टेकली होती, आणि ती ठेवायची की घालवायची हे ठरवणारा माणूसच त्यांच्या कानात ओरडत होता. मॅच चालू असताना कोचने ब्र काढायचा नाही, असा स्पर्धेचा नियम, आणि पोरांच्या माइकवरून पंच सगळं ऐकत असतात. सासऱ्यांपुढे सुनेने ब्र काढायचा नाही, असाही नियम.

“आबा, गप्प बसा!”

आवाज इतका खणखणीत होता, की स्वयंपाकघरातून झारा पडल्याचं ऐकू आलं. आबा बसले. त्या शांततेत साहिल हळू म्हणाला, “डावीकडे एक. थांब. थांब. आता.”

पहिला नंबर!

पोरं नाचली. आबांनी खुर्ची ओढत परत कोपऱ्यात नेली. मग बायकोला म्हणाले, “हिला कॉलेजातच ओरडू दे. ह्यो आवाज घरात ठिवला, तर मला रानात ऱ्हायला जावं लागंल.” (रानात आता बारा मजली टॉवर होता, ते सोडा.)

इतक्यात फोन वाजला. दिशाने तो स्पीकरवर टाकला. स्पर्धेचे पंच होते.

“अभिनंदन! एक बारीक शंका. मॅचमध्ये बाईंचा आवाज आला, ‘गप्प बसा’ असा. कोच बोलल्या असतील, तर गुण कापून पहिला नंबर काढून घ्यावा लागेल. घरातलं कुणी असेल, तर हरकत नाही. आजोबांचा आवाज आम्ही घरातला गोंगाट म्हणून सोडलाय.”

दिशाने तोंड उघडलं. त्याआधी अनुसयाबाईंनी फोन ओढला.

“मी बोलले! नवरा माजा हाय, मी न्हाई तर कोण गप बसवणार?”

“मग त्याच आवाजात परत एकदा म्हणता का?”

अनुसयाबाई आबांकडे वळल्या. सवयीने पदर डोक्यावर गेला.

“अवो... गप बसा की जरा. म्हंजी, बसायचं आसंल तर.”

“आवाज जुळत नाही, बाई.”

“म्हण की जोरात!” आबा कळवळले. “आता मीच सांगतोय न्हवं!”

“अवो, तुमच्या तोंडाकडं बघून न्हाई हो येत...”

फोन चालूच होता. आणि आपल्यासमोर कुणाला असं हातातली मॅच घालवताना बघून दिशाला राहवेना.

“आत्या, त्यांच्याकडे बघूच नका! भिंतीकडे बघा, दम घ्या, आणि आवाज घशातून नाही, पोटातून काढा, असा... आबा, गप्प बसा!”