फ्यूज : उत्तम

"दहा मिनिटांचं काम आहे," असं फोरमनसाहेब म्हणाले, आणि ते खरंच दहा मिनिटांचं काम होतं. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढच्या आठ तासांवरून वाचक त्यांच्याविषयी भलताच ग्रह करून घ्यायचे.

वीज कंपनीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी गल्लीच्या लेखी ते फोरमनसाहेबच होते. छत्तीस वर्षं खांबांवर चढले आणि प्रत्येक वेळी स्वतःच्या पायांनी खाली उतरले. ह्याचं सगळं श्रेय ते एका सवयीला देत. खांबावर चढण्याआधी फ्यूज काढायचा आणि तो खाली न ठेवता स्वतःच्या खिशात घालायचा. खाली ठेवला तर येणारा-जाणारा उपकार म्हणून तो परत बसवतो, आणि मग वर चढलेला माणूस आणखी वर जातो. हा मंत्र त्यांनी शेकडो पोरांना दिला होता आणि त्यातली बहुतेक आज नातवंडं खेळवत होती.

तर मोटरसायकलच्या हँडलवर फोनसाठी बसवलेला चार्जर बंद पडला होता, आणि उद्या सकाळी सहाला फोरमनसाहेब बायकोला मागे बसवून शंभर किलोमीटरवरच्या दीपगृहाला जाणार होते.

आता चार्जरवाचून दीपगृहाचं काय अडावं? अडलं होतं ते मुलीमुळे. मुलगी परगावी इस्पितळात नर्स. पासष्टीचा बाप साठीच्या आईला घेऊन मोटरसायकलवर निघणार, हे ऐकून तिने आधी स्वतःचीच नाडी पाहिली असावी. मग अट घातली. फोन पूर्ण वेळ चालू हवा आणि नकाशावर तुमचा ठिपका मला दिसायला हवा. जमणार नसेल तर राहू दे, पुढच्या महिन्यात मीच कारने नेते. हा पुढचा महिना गेली चार वर्षं पुढेच होता. आणि घरात असा फोन एकच. त्याची बॅटरी म्हाताऱ्या पैलवानासारखी, सकाळी छाती काढून उभी आणि दुपारी चितपट.

बायको शिवणकाम करायची. गल्लीत तिला टेलरकाकू म्हणत. लग्नाच्या पहिल्याच वर्षी दोघं जुन्या मोटरसायकलवरून त्या दीपगृहाला गेली होती. दारावर 'रंगकाम चालू आहे' अशी पाटी होती. तशीच परतली. त्यानंतर पस्तीस वर्षांत तिने दीपगृहाचं नाव काढलं नाही, पण गेल्या आठ दिवसांत स्वतःसाठी हनुवटीपर्यंत कॉलर असलेलं अस्तराचं जाकीट शिवलं होतं. बोलणाऱ्या बायकोला माणूस एकवेळ गप्प करू शकतो. शिवणाऱ्या बायकोपुढे इलाज नसतो.

सकाळी नऊला फोरमनसाहेबांनी अंगणात स्टूल टाकलं आणि वही उघडली. लिहिल्याशिवाय काम नाही, ही त्यांची दुसरी सवय. चार्जरच्या वायरीत बॅटरीजवळ एक छोटा फ्यूज होता. तो त्यांनी काढला, उजेडात धरून पाहिला, आतली तार शाबूत होती. वहीत लिहिलं, 'एक. फ्यूज : उत्तम.' आणि छत्तीस वर्षांच्या हाताने तो खिशात टाकला.

मग हँडलखालचा जोड उघडला. आत हिरवा गंज. तो पॉलिश पेपरने घासला आणि जोड परत दाबून बसवला. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. दोष सापडला होता, सुटलाही होता.

तेवढ्यात टेलरकाकू बाहेर आल्या. शर्टाला ग्रीस लागलेलं पाहून त्यांनी तो जागच्या जागी उतरवून घेतला आणि हातात जुनं बनियन ठेवलं. शर्ट आत गेला. फोरमनसाहेबांनी बनियन घातलं, किल्ली फिरवली आणि चार्जरच्या हिरव्या दिव्याकडे पाहिलं. दिवा डोळा उघडेना.

इथून पुढे जे झालं त्याला शास्त्र म्हणतात. त्यांनी सीट काढली. बाजूची झाकणं काढून पलंगावर नेऊन ठेवली. बॅटरी तपासली, ती ठणठणीत. स्विच उघडला, तो निर्दोष. दर वेळी ते वही पहिल्यापासून वाचत आणि 'फ्यूज : उत्तम' ह्या ओळीवर समाधानाने मान हलवून पुढे जात. लेखी पुरावा होता, मग परत बघायचं कशाला?

अकराच्या सुमाराला टेलरकाकू दारात आल्या. "अहो, तुमच्या शर्टाच्या खिशात..."

"आत्ता नको. मी अर्थिंगवर आहे."

काकूंनी पाहिलं, ते स्टुलावर होते. त्या आत गेल्या.

बारा वाजता शेजारचे निवृत्त कॅशियर कुंपणावर कोपरं टेकून उभे राहिले. एवढा खटाटोप करण्यापेक्षा पॉवर बँक घेऊन जा, असा सरळ सल्ला त्यांनी दिला.

"छत्तीस वर्षं मी सगळ्या गावाला वीज पुरवली," फोरमनसाहेब म्हणाले, "आणि आता वीज डबीत भरून नेऊ? लोणच्यासारखी?"

दुपारी काकूंनी पुन्हा खिशाचा विषय काढला. फोरमनसाहेब तेव्हा टाकीखाली मान घालून होते. तिथून आवाज आला, की रुमाल असेल, धुऊन टाक.

तीन वाजता सगळ्या वायरी जोडून झाल्या आणि चाचणी म्हणून त्यांनी ब्रेक दाबला. हॉर्न वाजला. घाबरून हॉर्नचं बटण दाबलं, तर मागचा लाल दिवा लागला. ब्रेकवरचा पाय त्यांनी काढलाच नव्हता, त्यामुळे हॉर्न वाजतच राहिला. गल्लीतली माणसं गॅलरीत आली. कॅशियर म्हणाले, "निघालात वाटतं?"

"चाचणी," फोरमनसाहेब म्हणाले.

पाचला ते पायरीवर बसले. कोपरापर्यंत काळे झालेले हात गुडघ्यांवर ठेवून हळूच म्हणाले, "पोरीला फोन करतो. पुढच्या महिन्यात जाऊ."

टेलरकाकू जाकिटाच्या कॉलरला इस्त्री करत होत्या. त्यांनी इस्त्री बंद केली, जाकीट हँगरला लावलं आणि कपाटाचं दार मिटलं. त्या दाराचा आवाज दुपारच्या हॉर्नपेक्षा मोठा वाटला. मग त्या बाहेर आल्या, पायरीवर शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "वही बघू."

गिऱ्हाइकाची मापं तपासावीत तशी त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. "फ्यूज उत्तम. हे कशावरून?"

"काढून पाहिला ना."

"काढला ते कळलं. परत घातला, ते कुठे लिहिलंय?"

फोरमनसाहेबांचा उजवा हात आपोआप छातीवर गेला. तिथे बनियन होतं. बनियनला खिसा नव्हता.

"मी बटण उसवलं तर परत लावल्याशिवाय कपडा गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही," असं म्हणून काकू बटणांचा डबा घेऊन आल्या. त्यात कोटाच्या आणि फ्रॉकच्या बटणांमध्ये दोन पायांचा, लाल, पारदर्शक फ्यूज पाहुण्यासारखा अवघडून बसला होता. "खिसे तपासल्याशिवाय मी कपडा भिजवत नाही. सकाळपासून तेच सांगतेय. मला वाटलं, नव्या फॅशनचं बटण असेल."

फ्यूज बसला. हिरवा दिवा लागला. फोरमनसाहेबांनी वहीत काहीच लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला दोघं निघाली. चाळीस किलोमीटरवर चहाला थांबल्यावर काकूंनी हँडलकडे पाहिलं. "फोन कुठाय?"

"तू घेतलास ना?"

फोन स्वयंपाकघरात होता. आदल्या दिवशीच्या अनुभवाने चार्जरवरचा विश्वास उडून फोरमनसाहेबांनीच तो घरून भरून न्यायला म्हणून भिंतीच्या प्लगला लावला होता. हँडलवरचा दिवा मात्र रिकाम्या खोबणीशेजारी इमानेइतबारे जळत होता. परत फिरलं तर चाळीस किलोमीटर, पुढे साठ. काकूंनी जाकिटाची चेन हनुवटीपर्यंत ओढली.

"पुढे चला," त्या म्हणाल्या.

दीपगृह उघडं होतं. पायऱ्या एकशे ब्याऐंशी. काकू न थांबता वर गेल्या. फोरमनसाहेब तीनदा थांबले आणि तिन्ही वेळा भिंतीतली वायरिंग तपासत असल्याचं सांगितलं. वर पोचल्यावर काकू कठड्याला धरून बराच वेळ समुद्र बघत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "रंग चांगला दिलाय."

संध्याकाळी घरी येऊन पाहिलं, तर फोनवर मुलीचा निरोप होता. काकूंचा चष्मा सापडेना, म्हणून फोरमनसाहेबांनी वाचून दाखवला. 'बाबा, ठिपका सकाळपासून घरातच आहे. बॅटरी शंभर टक्के. शेवटी माझं ऐकलंत, फार बरं वाटलं. दिवसभर ड्यूटीत एकदाही काळजी वाटली नाही.'

फोरमनसाहेबांनी बोट फोनच्या अक्षरांवर नेऊन ठेवलं.

"काय लिहू?"

"लिहा, जेवून घे वेळेवर."

त्यांनी तसं लिहिलं. मग मोटरसायकल पुसून झाकायला अंगणात गेले. ते परत आले तेव्हा टेलरकाकू मशीनवर बसून जाकिटाला आतून आणखी एक खिसा लावत होत्या. त्यांनी मान वर न करता नुसता तळहात पुढे केला.

फोरमनसाहेबांनी निमूटपणे खिशातून फ्यूज काढून त्यावर ठेवला.