गायकवाडकाकांची कमिटी

गायकवाडकाका फुकटचा लाडू आधी मोडून बघतात. आत काही निघालं नाही की त्यांचा संशय आणखी वाढतो. साकीनाक्याच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर माल तपासला. निवृत्त झाल्यावर गोवंडीतली आमची पत्र्यांची वस्ती तपासायला घेतली. मी समोरच राहते, त्यामुळे माझ्याकडे कोण येतं-जातं हे माझ्याआधी त्यांना कळतं. "देणारा कोण, आणि त्याला काय पाहिजे?" हा त्यांचा कायमचा प्रश्न.

दोन-तीन वर्षांपूर्वी वस्तीत एक संस्था आली. पैसा परदेशी. म्हणे हवामान बदलतंय, उन्हाळे आणखी कडक होणार. वस्तीनं मतदान करून कमिटी निवडावी आणि सावली, पाणी, पंखे कुठे हवेत ते तिनं ठरवावं. आम्ही खूश. काका सभेत उभे राहिले.

"ऊन आम्हाला लागतं, ठीक. पण त्यात आमची मतं कशाला? पंखे द्या नि जा."

परदेशातून आलेल्या बाई दुभाष्यामार्फत म्हणाल्या, "न विचारता दिलेले पंखे गल्लीतल्या दादाच्या घरी लागतात."

सगळे हसले, कारण आमच्याकडे तसंच होतं. काका हसले नाहीत. "लोकशाही आम्हाला शिकवू नका. संविधान माझ्या कपाटात आहे. तुमच्या देशात तुम्हाला विचारतं का कोणी?"

"पूर्वीपेक्षा कमी," बाई म्हणाल्या.

हे काकांना फारच संशयास्पद वाटलं. "बाई खरं बोलली. पण का बोलली?" असं ते मला आठवडाभर विचारत होते. शेवटी नजर ठेवायला म्हणून स्वतःच निवडणुकीला उभे राहिले आणि निवडून आले.

कमिटीनं नळाजवळ छप्पर घातलं, पत्र्यांना पांढरा रंग दिला. एकटी राहणारी म्हातारी माणसं उन्हाळ्यात घरात पडून राहतात, म्हणून दुपारी त्यांच्याकडे फेरी मारायचंही ठरलं. विरोधात एकच मत पडलं, काकांचं. "म्हाताऱ्यांची माहिती कुठे जाणार?"

मग त्या बाईंच्या देशात सरकार बदललं. परक्यांच्या उन्हावर आणि लोकशाहीवर खर्च कशाला, असं तिथल्या लोकांनी ठरवलं, तेही मतदानानंच. संस्थेनं गाशा गुंडाळला.

"काका, तुमचंच खरं झालं," मी म्हणाले.

"कसलं खरं? मला वाटलं होतं काहीतरी घेऊन जातील. काहीच न घेता गेले." ते खरंच चिडले होते.

यंदा मे महिन्यात एका दुपारी काका शेवंताआजींच्या दारात दिसले, हातात पाण्याची बाटली. "झोपलाय की चक्कर आलीय? नीट सांगा." आतून आजींनी शिवी हासडली. काका समाधानानं पुढच्या दाराकडे वळले.

"अजून फेरी मारता?" मी विचारलं.

"कमिटी बरखास्त केल्याचा ठराव कुठे झालाय?"

"आणि तुमच्याकडे कोण येतं?"

काकी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा नाशिकला असतो.

"मी कमिटीत आहे ना," ते म्हणाले आणि पुढचं दार वाजवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ताक घेऊन त्यांच्याकडे गेले. "बस," म्हणाले आणि दुसऱ्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलायला लागले. गठ्ठा पार खुर्चीच्या पाठीपर्यंत आला होता. उचलता उचलता त्यांना बराच वेळ लागला.