गेरूचे पंजे

अंगणवाडीच्या स्वप्नालीबाईंनी सोमवारी पोरांना चित्रकलेचा इतिहास सांगायला घेतला.

"फार पूर्वी कागदच नव्हता. माणसं गुहेत राहायची. भिंतीवर गेरूनं जनावरं काढायची, हातांचे ठसे उमटवायची."

"बाई, आमच्याकडं गुहा न्हाई," हरणाबाईची नात समीक्षा म्हणाली.

"मग जे असेल त्यावर काढावं बाळा," म्हणत बाई पोरांची खिचडी बघायला आत गेल्या. त्यांचा स्वतःचा उपास होता.

बाहेर येतात तो पोरंही नाहीत आणि ओट्यासाठी कालवलेली गेरूची बादलीही नाही. समोरच्या रानातून गुंडा नावाच्या मेंढपाळाची आरोळी आली.

तिथं जाळीच्या आत त्याची आणि हरणाबाईची मेंढरं एकत्र बसवली होती. त्याच्या मेंढरांच्या पाठीवर निळा पट्टा असे, तिच्या मेंढरांच्या हिरवा टिळा. आता साऱ्या पाठींवर गेरूचे इवले इवले पंजे होते. खाली पट्टा की टिळा, काही दिसत नव्हतं.

"आवं बाई, मला आत्ता कळप घिऊन निघायचंय! ह्यातली माझी कंची?"

सोमवार, गुरुवार, शनिवारचे उपास बाई आधीच धरत होत्या. रविवारी सुट्टी म्हणून तेवढं निवांत, पोटभर जेवण व्हायचं. तरी त्या पुटपुटल्या, "बिरोबा, एवढं निभावून ने. अकरा रविवार धरते."

तेवढ्यात काठी टेकत हरणाबाई आली. "काय बोंबलतूयास रं?"

सगळं ऐकून ती जाळीत शिरली. "ही कानतुटी तुजी. ही हावरी माजी. ही तुजी, कवाबी रुसलेलीच..."

तासाभरात दोन कळप वेगळे झाले. गुंडा बघतच राहिला. "आक्का, रंगाबिगर कळतं तुला?"

"रंग तुज्यासारख्यांसाठनं. बाईंची पोरं समदी एकाच कापडात असत्यात. बाई वळखत्यात न्हवं? मेंढराला बी त्वांड असतंय गड्या!"

गुंडा मान खाली घालून कळपामागं चालू लागला. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. पोरांचे हात धुऊन त्यांना ओळीत बसवलं.

"बाई, गुहेनंतर माणसांनी चित्रं कशावर काढली?" समीक्षानं विचारलं.

'देवळांच्या भिंतींवर' हे उत्तर बाईंच्या ओठांवर आलं होतं. समोर कालच चुना दिलेलं बिरोबाचं देऊळ पांढरंशुभ्र चमकत होतं. बादलीत अजून गेरू होता.

"गुहेनंतर?" बाई घाईघाईनं म्हणाल्या, "गुहेनंतर लगेच कागद आला."

आणि मधली हजारो वर्षं गाळल्याबद्दल त्यांनी मनातल्या मनात बारावा रविवार धरला.