एर्मेकच्या कादंबरीतल्या मेंढ्या

बिश्केकच्या एका साप्ताहिकात भयकथांची परीक्षणं लिहिणाऱ्या बुरुलायबाईंना गेल्या कित्येक वर्षांत एकाही पुस्तकाची भीती वाटली नव्हती. प्रेतं, पिशाच्चं, परग्रहावरचे राक्षस असलं सगळं त्या जेवताना वाचत आणि मध्येच मीठ मागत. त्यामुळे एर्मेक नावाच्या नवख्या लेखकाच्या 'धुक्यातला तंबू'नं त्यांच्या अंगावर काटा आणला, तेव्हा त्यांनी ते प्रामाणिकपणे छापून टाकलं.

'निम्मी कादंबरी कोमट आहे,' त्यांनी लिहिलं. 'अल्बार्स्ती नावाची हडळ येते, झोपलेल्याच्या छातीवर बसते, केस विंचरते, सगळं ठरल्याप्रमाणे. पण मध्येच गोष्ट थांबते आणि एक थंड, अनोळखी आवाज बोलू लागतो: मेलेलं जनावर खोल पुरावं, वर चुना टाकावा, त्या जागी पुन्हा कळप नेऊ नये. हा आवाज कोणाचा, ते लेखक शेवटपर्यंत सांगत नाही. केवढं हे धाडस!'

अंक निघाला त्याच सकाळी एर्मेकचा फोन आला.

"एजे," त्यानं थोरल्या बहिणीला मारतात तशी हाक मारली, "ते चुन्याचं मी लिहिलेलं नाही."

"लाजतोस कशाला? उत्तम जमलंय."

"अहो, माझ्या पुस्तकात चुनाच नाही."

दुपारी तो स्वतःची प्रत घेऊन बाईंच्या घरी आला, तेव्हा उलगडा झाला. त्याच छापखान्यात पशुवैद्यक खात्याची, मेंढ्यांच्या यकृतातल्या कृमींवरची पुस्तिका छापली जात होती. बांधणीत काही प्रतींचा एक-एक फर्मा, म्हणजे एकत्र छापलेल्या पानांचा जुडगा, इकडचा तिकडे गेला होता.

"म्हणजे कोमट ते माझं," एर्मेक म्हणाला, "आणि धाडस मेंढ्यांचं."

"माझ्या प्रतीतून गेलेली तुझी पानं दे इकडे. वाचते."

"नको. दयेनं वाचलेलं मला नको." त्यानं प्रत पिशवीत घातली.

तिकडे दुकानांत लोक चुन्याचं पान शोधत, ते सापडलं नाही की पुस्तक परत फळीवर ठेवत. संपादक म्हणाले, "चूक झाली असं दोन ओळींत छापून टाका."

"मी घाबरले होते, त्यात चूक कसली?" बुरुलायबाई म्हणाल्या. "ज्यानं घाबरवलं त्याला मी भेटणार. मग काय ते लिहीन."

पुस्तिका लिहिणारे डॉक्टर सातिबाल्दी कोचकोर गावात असत. बाई मिनीबसमध्ये बसल्या. शेजारी एर्मेक येऊन बसला. आपल्या पुस्तकाची शोभा निदान समोर बसून बघावी, असं त्यानं ठरवलं होतं.

डॉक्टरांनी दोघांना चहा दिला, तळलेले गरम बोर्सोक पुढे केले आणि बाईंचं परीक्षण चष्मा लावून वाचलं.

"माझं वाचून घाबरलात?" ते खिन्नपणे म्हणाले. "इथं कोणी घाबरलं नाही हो. ओलसर कुरणात मेंढ्या चारू नका, तिथूनच कृमी पोटात जातात, हे सांगून माझा घसा बसला. मेंढपाळ हो-हो म्हणायचे आणि कळप तिकडेच न्यायचे."

"आणि आता?" बाईंनी विचारलं.

"आता एकही जात नाही. यंदाच्या पुस्तिकेत मध्येच कोणीतरी भलतंच घुसवलंय. त्या कुरणातल्या पाण्यात एक बाई उभी असते म्हणे. परवा धिप्पाड मेंढपाळ माझ्याकडे येऊन विचारतो, डॉक्टर, तिच्यावर औषध आहे का?"

एर्मेकच्या हातातला बोर्सोक तसाच राहिला. "खरंच विचारलं?"

"पुस्तिका घरात ठेवायलासुद्धा तयार नाही. परत देऊन गेला. तूच का रे तो लिहिणारा? पुढच्या आवृत्तीलाही दे बाबा अशी एखादी बाई. कालव्याकाठचं कुरण राहिलंय."

बुरुलायबाईंनी हात पुढे केला. डॉक्टरांनी ती परत आलेली पुस्तिका त्यांना दिली. एर्मेकनं या वेळी अडवलं नाही. बाईंनी वाचायला सुरुवात केली. चहा गार झाला. डॉक्टरांनी दुसरा ओतला, तोही गार झाला. शेवटचं पान उलटून त्यांनी पुस्तिका पालथी ठेवली आणि शाल घट्ट लपेटून घेतली.

परतीच्या वाटेवर गाव मागे पडलं, तसं रस्त्याच्या कडेला हिरवंगार, पाण्यानं चमचमणारं कुरण लागलं. मेंढी एकही नव्हती.

"एर्मेक, खिडकीशी तू बस," बाई म्हणाल्या.

त्यानं जागा बदलली. मग न राहवून म्हणाला, "एजे, परीक्षण बदलणार का?"

"बघू," बुरुलायबाई समोरच्या सीटकडे नजर लावून म्हणाल्या. "आधी तो पडदा ओढ."